खरखरीत अक्षरं

रोम शहरात १९०० च्या सुमारास काही मुलं सरकारी शाळेच्या परीक्षेला बसली. इतर मुलांच्या बरोबरीने बसली आणि वाचन-लेखनात पास झाली. यात नवल ते काय, असं वाटेल. पण ही मुलं आली होती वेड्यांच्या इस्पितळातून. डॉक्टरांनी त्यांच्या कागदांवर जे शिक्के मारले होते ते आज उच्चारायलाही नको वाटतात. थोडक्यात, यांना काही शिकवण्यात अर्थ नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं.

लोक म्हणाले, चमत्कार झाला. त्या मुलांना शिकवणाऱ्या तिशीतल्या डॉक्टरीणबाईंना मात्र चमत्काराचं काही वाटलं नाही. त्यांना दुसऱ्याच गोष्टीने झोप येईना. ही मुलं इतकी वर आली हे ठीक, पण चांगल्या घरातली, धडधाकट, बुद्धीने तल्लख मुलं वर्षानुवर्षं शाळेत जाऊनही यांच्या बरोबरीलाच का राहतात? शाळा त्यांचं नेमकं काय करते?

त्या बाई म्हणजे डॉ. मारिया मॉन्टेसरी. हे नाव आपल्याकडे गल्लोगल्ली पाट्यांवर दिसतं. त्यावरून हत्ती-सिंहाची चित्रं रंगवलेली भिंत, छोटे बूट-टाय आणि भरमसाट फी एवढंच डोळ्यांपुढे येतं. मॉन्टेसरी हे एका बाईचं आडनाव आहे, हे कित्येकांच्या गावीही नसतं. मी त्यांच्याविषयी वाचायला घेतलं त्याचं कारण वेगळं होतं. आपल्या मंडळातले आम्ही सहा-सात जण शनिवारी सकाळी एका मराठी शाळेत जातो आणि तिसरी-चौथीतल्या, वाचताना अडखळणाऱ्या मुलांजवळ बसतो. अशा मुलांना वाचायला शिकवण्याची खटपट आपल्या आधी कुणी कशी केली, हे शोधता शोधता मी या बाईंपाशी येऊन पोचले. म्हणून इथे त्यांचं चरित्र सांगताना वाचन-लेखनाचा भाग जरा पाल्हाळाने सांगणार आहे, बाकीचा धावता. आणि शिकवणारीला आपण बाईच म्हणतो, तर मीही त्यांना बाईच म्हणेन.

बाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या अँकोना शहराजवळच्या क्यारावाले या गावचा. वडील सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे वाचनाची भोक्ती. मुलीने पुढे जे जे हट्ट धरले त्यात आई कायम तिच्या बाजूने उभी राहिली. मारिया पाच वर्षांची असताना बिऱ्हाड रोमला आलं. तेराव्या वर्षी तिने मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातलं, कारण तिला इंजिनियर व्हायचं होतं. मग तो विचार सोडून डॉक्टर व्हायचं ठरलं. त्या काळच्या रोममध्ये ही गोष्ट इंजिनियर होण्याहूनही अवघड. आधी विज्ञानाचा अभ्यास करून मग १८९३ मध्ये तिला वैद्यकीला प्रवेश मिळाला. पण मुलांच्या बरोबरीने उघड्या प्रेतापुढे एका मुलीने उभं राहणं शोभत नाही म्हणून शवविच्छेदन तिला वर्ग सुटल्यावर एकटीने करावं लागे. १८९६ च्या जुलैमध्ये ती डॉक्टर झाली. इटलीतली पहिली स्त्री-डॉक्टर असं तिच्याविषयी पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, ते खरं नाही. तिच्या आधीही काही जणी होत्या, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

त्याच १८९६ साली तिकडे इंग्लंडात प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार, गणितात तरबेज, पण वाचायला काही केल्या येईना. आज ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो त्याची ही सुरुवातीची नोंद. बाईंचा तिच्याशी संबंध नव्हता. पण वाचता न येणं आणि बुद्धी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन देशांतले दोन डॉक्टर एकाच सुमारास आपापल्या वाटेने ओळखू लागले होते, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

पदवीनंतर बाई रोमच्या विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या. त्यासाठी शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथे मोठ्या माणसांबरोबर मुलंही कोंडलेली असत. अशाच एका खोलीची गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. जेवण झाल्यावर मुलं जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे शोधत रांगतात, म्हणून सांभाळणारी बाई त्यांना खादाड म्हणून हिणवत होती. मॉन्टेसरीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. तिथे मुलांच्या हाताला लागेल अशी एकही वस्तू नव्हती. खेळणं नाही, खडा नाही, काडीसुद्धा नाही. मुलं पोटासाठी नव्हे, हातांसाठी तो चुरा गोळा करत होती.

यानंतर त्यांनी दोन जुन्या फ्रेंच डॉक्टरांची पुस्तकं धुंडाळली. एक इतार. फ्रान्समधल्या आवेरों भागातल्या रानात सापडलेल्या मुलाला माणसात आणण्यासाठी त्यांनी अनेक वर्षं घालवली होती. दुसरे त्यांचेच शिष्य सेगँ. मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांना हात, डोळे, कान यांच्या वाटेने शिकवायचं शास्त्र सेगँनी रचलं आणि १८४६ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो वाचतो कोण? बाईंनी तो वाचला, आणि दोघांचंही लिखाण इटालियनमध्ये उतरवून सगळं स्वतःच्या हाताने लिहून काढलं, पूर्वी मठांमधले साधू पोथ्या लिहून काढत तसं. एकेका शब्दाचं वजन कळावं म्हणून. आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स काढतो, त्याच्या हे अगदी उलट.

१९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था निघाली. बाई तिच्या दोन प्रमुखांपैकी एक होत्या. दिवसा त्या शिक्षकांना शिकवत आणि स्वतः मुलांपाशी बसत, सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत, आणि रात्री दिवसभराची टिपणं काढत. शिक्षणशास्त्रातली आपली खरी पदवी हीच, असं त्या पुढे सांगत. सुरुवातीला ज्या परीक्षेचा उल्लेख केला, ती मुलं इथली.

इथली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिला शिवण शिकवायचा प्रयत्न चालला होता, पण साधा धावदोराही जमेना. सुई खाली-वर न्यायची, एवढंही कळेना. बाईंनी शिवण बाजूला ठेवलं आणि कागदाच्या पट्ट्या एकीखालून एकीवरून गुंफून चटई विणायचं काम तिला दिलं. त्यात ती रमली. चांगलं जमायला लागल्यावर बाईंनी पुन्हा सुई-दोरा पुढे ठेवला, आणि मुलगी शिवू लागली. अडचण शिवणात नव्हतीच. शिवणाच्या आत जी हालचाल लपलेली होती, ती आधी सुटी करून शिकवायची राहिली होती.

मग त्यांनी हाच हिशोब लिहिण्याला लावला. लिहिणं म्हणजे एकच काम नाही, निदान दोन आहेत. पेन्सिल धरून हलकी रेघ ओढण्याची हाताची तयारी हे एक, आणि अक्षराचा आकार मनात व स्नायूंत बसणं हे दुसरं. पोराला एकदम वही-पेन्सिल देऊन गिरव म्हटलं की दोन्ही ओझी एकदम पडतात आणि वर तिसरं, चुकल्याच्या ओरड्याचं. बाईंनी दोन्ही वेगळी केली. हातासाठी आकृत्यांच्या कडेने पेन्सिल फिरवून आतली जागा रेघांनी भरायची. अक्षरासाठी लाकडाची सुंदर वळणदार अक्षरं करून घेतली, स्वर लाल रंगात, व्यंजनं निळ्या, आणि मुलांनी त्यांवरून लिहिण्याच्या दिशेने बोट फिरवायचं. सोबत त्या अक्षराचा आवाज काढायचा. अक्षराचं नाव नाही, आवाज.

शिकवायची रीत त्यांनी सेगँकडून घेतली, ती तीन पायऱ्यांची. आधी दोन अक्षरं समोर ठेवून, बोट फिरवत सांगायचं की हा स, हा म. मग विचारायचं, यातला स मला दे. आणि हे नीट जमलं तरच, एका अक्षरावर बोट ठेवून, हा कोणता? आता यातली खरी गोम अशी, की दुसऱ्या पायरीवर मूल चुकलं तर त्याला चूक म्हणायचंच नाही. धडा तिथेच हसतमुखाने आवरायचा, अक्षरं उचलायची, आणि पुन्हा एखाद्या दिवशी पहिल्या पायरीपासून. मूल चुकलं म्हणजे आपण त्या वेळी विचारलं हेच चुकलं, असा बाईंचा रोख. शनिवारी शाळेत बसताना मला हे सर्वांत जड गेलं आहे. आपल्याला सवय असते ती तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करायची. हे काय आहे सांग, नाही येत, परवा तर शिकवलं होतं ना, झालं. पोराचं तोंड बंद.

या सगळ्या काळात बाईंच्या आयुष्यात आणखी एक मोठी गोष्ट घडत होती, जी कुणालाच ठाऊक नव्हती. संस्थेचे दुसरे प्रमुख डॉ. ज्युझेप्पे मोंतेसानो आणि त्या यांचं प्रेम होतं. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. ही गोष्ट फुटली असती तर बाईंचं काम तिथेच संपलं असतं. बाळाला रोमपासून दूर खेड्यातल्या एका घरी वाढायला ठेवलं. बाई त्याला भेटायला जात, पण मी तुझी आई, असं सांगता येत नसे. १९०१ मध्ये मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं आणि बाई ती संस्था सोडून गेल्या. दुसऱ्यांच्या मुलांपाशी अकरा-अकरा तास बसणारी बाई, आणि तिचं स्वतःचं मूल परक्या घरी. काही चरित्रकार याची सरळ जोडणी लावतात, की म्हणूनच तिने जगाच्या मुलांना जवळ घेतलं वगैरे. मला ही जोडणी फार सोयीची वाटते. त्या कामाला सुरुवात झाली तेव्हा मारिओ जन्मलाही नव्हता.

संस्था सोडल्यावर बाई पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून गेल्या. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र. पुढे तिथे शिकवूही लागल्या. डोक्यात तो जुना प्रश्न होताच, की जे टाकून दिलेल्या मुलांना लागू पडलं ते साध्या मुलांना दिलं तर? पण साधी मुलं प्रयोगाला देणार कोण?

ती मिळाली ती मोठ्या मजेशीर कारणाने. रोममध्ये सान लोरेंझो नावाची वस्ती होती. बांधकामाचा धंदा कोसळल्यावर अर्धवट राहिलेल्या इमारती, त्यांत शिरलेली गोरगरीब माणसं, घाण, गुन्हेगारी. एका बांधकाम संस्थेने त्या इमारती दुरुस्त करून कामगार कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप कामावर गेले की शाळेच्या वयाला न पोचलेली पोरं जिन्यांवरून हुंदडत आणि नव्या रंगवलेल्या भिंती खराब करत. संस्थेचे प्रमुख एदुआर्दो तालामो यांनी हिशोब घातला, की भिंती पुन्हा पुन्हा रंगवण्यापेक्षा पोरांना एका खोलीत कुणाच्या तरी देखरेखीखाली बसवणं स्वस्त. त्यासाठी त्यांनी बाईंना विचारलं. म्हणजे जगभर गाजलेल्या या शाळेचा उगम चुन्या-रंगाच्या खर्चात आहे!

६ जानेवारी १९०७ रोजी, एपिफनीच्या सणाला, मार्सी रस्त्यावरच्या ५८ नंबरच्या घरात ही खोली उघडली. कासा देई बाम्बिनी, म्हणजे मुलांचं घर. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासेक मुलं, रडवेली, भेदरलेली. सांभाळायला शिकलेली शिक्षिका नव्हे, त्या इमारतीच्या राखणदाराची मुलगी. बाईंनी उद्घाटनाच्या वेळी त्या दिवसाच्या उपासनेतला यशयाच्या ग्रंथातला उतारा वाचला. त्या कॅथलिक होत्या आणि शेवटपर्यंत श्रद्धावान राहिल्या, पण शाळेत येणाऱ्या मुलाला त्यांनी धर्म विचारला नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी. या मुलांना वाचायला-लिहायला शिकवायचा बाईंचा विचारच नव्हता. सहा वर्षांच्या आत अक्षरं नकोत, हे त्या काळचं मत त्यांचंही होतं. मुलं ठोकळे बसवत, बटणं लावायला शिकत, हात धूत. पण त्यांच्या आया बाईंकडे आल्या. बहुतेकींना स्वतःला अक्षरओळख नव्हती. पोरं इतकं काय काय शिकली, तर आता वाचा-लिहायलाही शिकवा, म्हणून त्यांनी गळ घातली. अंगठा लावणाऱ्या आईला मुलाने सही करावी असं का वाटतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बाईंनी होकार दिला, पण अक्षरं आणायची कुठून? पहिल्या मुलांसाठी केलेल्या त्या देखण्या लाकडी अक्षरांसारखी अक्षरं करून देणारा कारागीर मिळेना, आणि पैसाही नव्हता. मग बाईंनी आणि त्यांच्या मदतनीस बायकांनी सँडपेपर आणला, आपले सुतार ज्याला पॉलिश पेपर म्हणतात तोच. त्यातून अक्षरं कापून गुळगुळीत कार्डांवर चिकटवली. शब्द जुळवण्यासाठी साध्या कागदाचीही भरपूर अक्षरं कापली. नाइलाज म्हणून केलेली ही अक्षरं लाकडी अक्षरांहून सरस निघाली. खरखरीत कागदावरून गुळगुळीत कागदावर बोट घसरलं की मुलाला आपणच कळतं, वाट चुकली. कुणी सांगावं लागत नाही. आणि कागदाची अक्षरं स्वस्त, म्हणून एकेका अक्षराच्या ढीगभर प्रती, त्यामुळे कुठलाही शब्द जुळवता येतो. महाग लाकडी संचात एका अक्षराची एकच प्रत होती.

मुलं बोट फिरवत, आवाज काढत, मग ऐकलेल्या शब्दाचे आवाज सुटे करून कागदी अक्षरं ओळीत मांडत. पेन्सिलीने अजून एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं. असेच काही आठवडे गेले. डिसेंबरातल्या एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी बाई मुलांना घेऊन गच्चीवर बसल्या होत्या. पाच वर्षांच्या एका मुलाला त्यांनी खडू दिला आणि समोरच्या धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्याने ते बऱ्यापैकी काढलं. बाईंनी शाबासकी दिली. मुलगा त्यांच्याकडे बघून हसला, क्षणभर थांबला, आणि मला लिहिता येतं, मला लिहिता येतं, म्हणून ओरडू लागला. खाली वाकून त्याने फरशीवर इटालियनमध्ये हात हा शब्द लिहिला. मग धुराडं. मग छप्पर. आरडाओरडा ऐकून बाकीची धावली, खडूसाठी हात पुढे झाले, आणि एका पाठोपाठ एक पोरं लिहू लागली. ज्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं ती.

मग तर कहरच झाला. मुलं दारांवर, भिंतींवर, जमिनीवर लिहीत सुटली. घरोघरच्या आयांनी फरशा वाचवायला कागद-पेन्सिली आणून दिल्या. पावाच्या वरच्या कडक भागावरसुद्धा लिहिलेलं सापडे. एक मुलगा हातात पेन्सिल-कागद धरूनच झोपी गेला. ज्या भिंती वाचवायला शाळा काढली त्याच भिंतींवर अक्षरं उमटली, हे तालामोसाहेबांना कसं वाटलं असेल? पण पुढे पाच वर्षांच्या मुलांनी त्यांनाच ईस्टरच्या शुभेच्छा सुवाच्य अक्षरात लिहून पाठवल्या, त्याचा नमुना बाईंनी आपल्या पुस्तकात छापला आहे.

बाईंच्या नोंदीप्रमाणे चार वर्षांच्या मुलाला पहिल्या तयारीपासून पहिला शब्द लिहीपर्यंत महिना ते दीड महिना लागे, पाच वर्षांच्याला साधारण महिना. वाचन त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी. आपल्याला हे उलटं वाटतं, पण बाईंचं म्हणणं असं, की लिहिताना शब्द मुलाच्या मनातलाच असतो, त्याला फक्त त्याचे आवाज मांडायचे असतात. वाचताना मात्र दुसऱ्याच्या मनातला शब्द ओळखायचा असतो. म्हणून अक्षरामागून अक्षर उच्चारणं म्हणजे वाचन नव्हे. मुलाने चिठ्ठीवरचे आवाज सुटे सुटे काढले की बाई त्याला अजून भरभर, अजून भरभर म्हणायला लावत. कधीतरी ते आवाज एकमेकांना चिकटून एकदम शब्द होई, आणि तो चेहऱ्यावर दिसे.

त्यासाठी त्यांनी खेळण्यांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठी वाचून दाखवली की ते खेळणं घेऊन मनसोक्त खेळायचं, असा नियम. मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या, पण खेळणी घेईनात. त्यांना पुढची चिठ्ठी हवी होती. या मुलांच्या घरी खेळण्यांची रेलचेल होती म्हणून त्यांनी नाकारली, असं तर नव्हतं.

आता थोडं सावधपणे. हे सगळं वर्णन बाईंनी स्वतः केलेलं आहे आणि त्या उत्साहाच्या भरात लिहीत. शिवाय इटालियन भाषेत जसं बोलतात जवळपास तसंच लिहितात. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाचं इतकं भरकन होणार नाही. आपली देवनागरी या बाबतीत इटालियनच्या जवळची, पण काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं यांचा गुंता तिथे नाही. शिवाय बेळगावच्या पोराला रस्त्यावर कन्नड, पुस्तकात मराठी आणि दप्तराच्या दुसऱ्या कप्प्यात इंग्रजी, अशा तीन लिप्या एकदम भेटतात. म्हणून रोममधले महिने-दिवस इथे मोजपट्टी म्हणून वापरू नयेत, असं माझं मत. बोटाने गिरवण्याची युक्ती मात्र लागू पडते. अमेरिकेत ग्रेस फर्नाल्ड आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकांनीही वाचनात अडलेल्या मुलांसाठी डोळा, कान आणि हात एकत्र आणणाऱ्या पद्धती उभ्या केल्या. आम्हीही हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणून घ आणि ध, म आणि भ अशा जोड्या कापल्या. घ आणि म यांच्या डोक्यावर सरळ रेघ असते, ध आणि भ यांना सुरुवातीला गाठ. चौथीतल्या ज्या मुलाला हा फरक डोळ्यांनी तीन वर्षं दिसला नव्हता, त्याच्या बोटाला तो जाणवला. वाचन लगेच सुधारलं असं मी म्हणणार नाही. पण निदान त्या दोन जोड्यांवर तो आता थबकून विचार करतो, पूर्वीसारखा अंदाज ठोकत नाही.

१९०९ मध्ये बाईंनी आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि बघता बघता नाव झालं. त्याच्या आदल्या वर्षअखेरीस मेसिना शहरात भयंकर भूकंप झाला होता. त्यात अनाथ झालेल्या मुलांना फ्रान्सिस्कन जोगिणींनी रोममध्ये आसरा दिला आणि तिथेही बाईंची शाळा निघाली. १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांचं व्याख्यान ऐकायला न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल भरलं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला, बाहेरून लोक बघत आणि आत मुलं निवांत काम करत. पण किलपॅट्रिकसारख्या शिक्षणतज्ज्ञाने हे सगळं जुनाट आहे म्हणून झोडपलं आणि अमेरिकेतली लाट ओसरली. बाईंचंही थोडं चुकलंच. साधनं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण आपल्याच हाती ठेवायचा त्यांचा आग्रह असे. नाइलाजाने कापलेल्या सँडपेपरच्या अक्षरांना कंपनीच्या लाकडी पेट्या आणि किमती चिकटल्या त्या तेव्हापासून.

मुसोलिनीचं प्रकरणही झाकून ठेवू नये. १९२४ पासून त्याच्या सरकारने इटलीतल्या या शाळांना आधार दिला आणि बाईंनी तो घेतला. दहा वर्षांनी खटके उडाले आणि १९३४ मध्ये शाळा बंद पडल्या. बाई तेव्हा बार्सिलोनात राहत होत्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा तिथूनही निघावं लागलं, मग हॉलंड.

मारिओ आता त्यांच्याबरोबर होता. १९१२ च्या अखेरीस बाईंची आई वारली, त्यानंतरच्या वर्षी पंधराएक वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहायला आला. जगाला मात्र तो भाचा किंवा दत्तक म्हणूनच माहीत. तोच त्यांचा मदतनीस, दुभाषी, सगळं काही.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या बोलावण्यावरून दोघं मद्रासजवळच्या अड्यारला आले. बाई तेव्हा ६९ वर्षांच्या. पहिल्याच वर्गाला देशभरातून तीनशेच्या आसपास शिक्षक जमले. मुक्काम थोड्या महिन्यांचा ठरला होता, पण १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी दोघं शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारच्या आवारातच राहायला सांगितलं आणि मारिओला नेऊन ठेवलं आपल्या अहमदनगरच्या छावणीत. ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या मुलाला सोडत असल्याचं तीत म्हटलं होतं. मुलगा हा शब्द तारेत होता. बेचाळीस वर्षं जे जाहीरपणे म्हणता आलं नव्हतं ते सरकारी कागदावर आलं.

बाई हिंदुस्थानात युद्ध संपेपर्यंत राहिल्या, काही काळ कोडाईकनालला, आणि नंतर पुन्हा एकदा येऊन गेल्या. शेकडो शिक्षक तयार झाले. पण त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये, गिजुभाई बधेकांनी भावनगरला त्यांच्या विचारांवर बालमंदिर सुरू केलं होतं आणि मराठीभाषक ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या होत्या. १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी मराठी शिक्षणपत्रिका चालवली. नंतर १९४५ पासून त्या आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी झटल्या. परदेशी लाकडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. ताराबाईंनी गारगोट्या, बिया, पानं, शंख-शिंपले घेतले. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर. सान लोरेंझोत पैसे नव्हते तेव्हा बाईंनी जे केलं, तेच ताराबाईंनी पुन्हा केलं. पाट्यांवर नाव एकीचंच आलं, ही गोष्ट वेगळी.

बाई हॉलंडला परतल्या. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षं नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, पुरस्कार मिळाला नाही. ६ मे १९५२ रोजी समुद्रकाठच्या नोर्डवाइक गावी त्या वारल्या. मारिओ जवळ होता. तिथल्याच कॅथलिक दफनभूमीत त्यांना पुरलं. मृत्युपत्रात सगळं त्यांनी मारिओच्या नावे ठेवलं होतं आणि त्याचा उल्लेख आपला मुलगा असा केला होता.